टिक राहिलेली ओळ

“एक रात्र जाऊ दे,” असं म्हणून काका पेन्सिल कानावर अडकवायचे आणि समोरच्याचा चेहरा पडायचा. आमच्या मरोळच्या ऑफिसात घाई सगळ्यांनाच असायची, त्यांना कधीच नसायची.

नेमकं काम काय हे कोणालाच सांगता येत नाही, असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. आम्ही कॉलेजांची सर्टिफिकेटं ब्लॉकचेनवर चढवतो, म्हणजे नोंद अशा जागी ठेवतो की पुढे ती कोणाला खोडता येऊ नये. प्राचार्यांना यातलं काही कळत नसे. पण सरकारी रेकॉर्ड विभागातून निवृत्त झालेला, पांढऱ्या केसांचा माणूस समोर बसला की त्यांना धीर यायचा. मालकांनी काकांना ठेवलं ते एवढ्यासाठी. विश्वासाची गरजच उरणार नाही असं आम्ही जाहिरातीत सांगायचो आणि विश्वास बसावा म्हणून काकांना पुढे बसवायचो.

काकांना मात्र नुसतं बसवेना. “तुझ्या त्या एपीआयला काय विचारायचं असतं गो?” त्यांनी मला विचारलं, कारण प्रोग्रॅम लिहायचं काम माझं. मी सांगितलं, नोंदी ब्लॉकमध्ये बसतात आणि ब्लॉक एकामागे एक जोडलेले असतात. ब्लॉकचा नंबर पाठवला की एपीआय त्याची सगळी माहिती परत पाठवते. आतल्या नोंदी, वेळ आणि हॅश, म्हणजे आकड्या-अक्षरांचा लांबलचक ठसा.

“म्हणजे खिडकीवरचा कारकून. नंबर सांगा, फाईल घ्या. फक्त हा चहाला जात नाही.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलुंडहून येताना एक जाड वही आणली. संध्याकाळी त्या दिवसाच्या सर्टिफिकेटांचे ब्लॉक नंबर त्यात उतरायचे, प्रत्येकापुढे हॅशची पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं. सकाळी आल्यावर तेच नंबर एपीआयला पुन्हा विचारायचे, जुळलं तरच टिक.

“काका, ब्लॉकचेन बदलत नसते,” आम्ही हसायचो.

“आमचं रेकॉर्डपण बदलत नव्हतं,” ते म्हणायचे. “माका खुळो समजतंस?”

गणपतीत मात्र काका दहा दिवस गावी. तेवढ्या दिवसांच्या टिका राहायच्या.

अशाच एका गणपतीनंतर, काका परतले त्याच सकाळी, घाटकोपरची एक मुलगी ऑफिसात आली. नर्सिंगचं सर्टिफिकेट आमच्यामार्फत चढवलेलं, परदेशातल्या हॉस्पिटलात नोकरी ठरलेली. त्यांनी तपासलं, तर नोंदच नाही. सर्टिफिकेट बनावट असल्याचा संशय आहे, उद्यापर्यंत खुलासा करा, असं त्यांचं पत्र होतं. मी एपीआयला विचारलं. खरंच नोंद नव्हती.

“सिस्टिम खोटं बोलत नाही,” मालक म्हणाले. मग खोटं कोण बोलतंय, ते त्यांनी सांगितलं नाही. मुलगी फाईल छातीशी धरून उभी होती.

काकांनी वही उघडली. गावी निघायच्या आदल्या संध्याकाळची ओळ, टिक नसलेली. तिचं नाव, ब्लॉक नंबर, सहा आणि सहा अक्षरं. त्यांनी तोच नंबर एपीआयला विचारला. हॅश वेगळाच आला.

“ह्या नंबरावर तेव्हा दुसरा ब्लॉक होता,” ते म्हणाले. “मी डोळ्यांनी बघून लिहिलाय.”

चूक माझी होती. सगळ्यात नवा ब्लॉक क्वचित बाद होतो आणि त्याच नंबरावर दुसरा बसतो. म्हणून पुढचे काही ब्लॉक येईपर्यंत थांबायचं असतं. माझा प्रोग्रॅम थांबत नव्हता. नोंद दिसली रे दिसली की ‘पक्की’ म्हणून शिक्का मारून मोकळा. पुढे ती टिकली की नाही, हे बघायचं मी लिहिलंच नव्हतं.

काका माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “तू सांगतंस की मी सांगू?”

मीच सांगितलं. मालक जे बोलले ते इथे लिहीत नाही. पण खुलासा त्याच दिवशी गेला, सोबत वहीच्या पानाचा फोटो. कधीही न खोडता येणाऱ्या आमच्या सिस्टिमची अब्रू पेन्सिलीने वाचवली! मुलगी काकांच्या पाया पडली आणि पुढे नोकरीवर रुजूही झाली.

मी प्रोग्रॅम नव्याने लिहिला. आता तो थांबतो, पुन्हा विचारतो, जुळलं तरच पक्कं म्हणतो. सगळं काकांच्या सवयीवरून घेतलं. चोख चालतो म्हणून मला शाबासकी मिळाली, आणि काकांची गरज उरली नाही म्हणून त्यांना निरोप. हे मला तेव्हा कळलं नाही असं म्हणणार होते, पण कळलं होतं.

निरोपाला मालकांनी त्यांना सेवेचं सर्टिफिकेट दिलं, अर्थात ब्लॉकचेनवर. काकांनी नंबर वहीत उतरवला, सहा आणि सहा अक्षरं लिहिली, आणि वही माझ्या टेबलावर ठेवली.

“एक रात्र जाऊ दे. उद्या तू बघ.”

मी हो म्हटलं. उद्या दुसरंच काम निघालं, परवा तिसरं.

मग एक दिवस गावाहून फोन आला, काका गेले. मी कपाटातून वही काढली. शेवटची ओळ तशीच होती, टिकेविना. नंबर एपीआयला विचारला आणि एकेक अक्षर बोट ठेवून ताडून पाहिलं. जुळलं.

वहीतच अडकवलेल्या त्यांच्या पेन्सिलीने मी टिक केली. “उद्या तू बघ,” म्हणाले होते, त्याला आठ महिने झाले होते.