सव्वाबारा इंच

टेपवहिनी पडद्यांच्या दुकानात इतकी वर्षं कामाला होत्या की गिऱ्हाईक खिडकीचं माप घेऊन आलंय की नुसतेच हात पसरून दाखवणार आहे, हे त्यांना ते दारात असतानाच कळायचं. हात पसरणारी माणसं जास्त. "एवढी आहे बघा खिडकी," म्हणत दोन्ही हात फाकवून उभी राहायची आणि बोलता बोलता हात हलले की खिडकीही लहानमोठी व्हायची. अशांना वहिनी सरळ घरी पाठवत. मालक कुरकुरायचे, गिऱ्हाईक तुटतं म्हणायचे. वहिनी म्हणायच्या, "तुटू दे. उद्या माप घेऊन परत येईल. पण पडदा आखूड झाला तर मी काय त्याला ओढून लांब करू?"

कापड मोजायची त्यांची एक रीत होती. टेप लावायचा, आकडा मोठ्याने म्हणायचा आणि मगच कात्री उचलायची. आकडा म्हटला की मालकांनी ऐकला, गिऱ्हाइकाने ऐकला, मग पुढे भांडणाला जागा नाही. ही सवय अंगात इतकी मुरली होती की घरात जुनी चादर फाडून फडकी करतानासुद्धा त्या भिंतींना ऐकू जाईल असा आकडा म्हणत.

अशा बाईचं लग्न व्हावं कुणाशी, तर सरदारांशी! सरदार म्हणजे घराण्याचे वगैरे काही नव्हेत. बस डेपोत मेकॅनिक. दिवसभर गाडीखाली झोपायचं आणि संध्याकाळी नखांतलं काळं ग्रीस ब्रशने घासून काढायचं, हा त्यांचा धंदा. सरदार हे नाव क्लबातलं. लग्न झाल्यावर पहिल्याच रविवारी, "चल, तुला एक गंमत दाखवतो," म्हणून ते नव्या बायकोला वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर घेऊन गेले. वहिनींना वाटलं, गाण्याचा कार्यक्रम असेल. त्या चांगली साडी नेसून गेल्या.

वर एका लांबट खोलीत टेबल टेनिसची दोन टेबलं जोडून त्यांवर हिरवं कापड अंथरलं होतं. कापडावर थर्माकोलच्या टेकड्या, भांडी घासायच्या स्पंजची झाडं, डिंकात वाळू कालवून केलेले रस्ते. आणि त्यात शेकडो सैनिक, एकेक अंगठ्याएवढा. नेपोलियनच्या काळातले, उंच टोप्या, पांढरे पट्टे, कोटाला बटणं. टेबलाच्या दोन्ही बाजूंना मोठमोठे बाप्ये उभे, आणि त्या बटणांच्या शिपायांवरून हमरीतुमरीवर आलेले. सरदारांनी आपले घोडेस्वार अभिमानाने दाखवले. स्वतः रंगवलेले. घोड्याच्या कपाळावरचा पांढरा ठिपकासुद्धा सोडला नव्हता. "हे सगळं तुम्ही केलंत?" वहिनींनी विचारलं. "मग काय!" सरदार म्हणाले. वहिनी मनात म्हणाल्या, माणूस बिघडलेला आहे, पण व्यसन स्वस्तातलं दिसतंय.

त्या दिवशीचं भांडण अंतराचं होतं. लुटुपुटूच्या लढाया खेळणाऱ्या या क्लबाचा नियम असा की आधी मोजायचं नाही. नजरेने अंदाज घ्यायचा, तोंडाने "हल्ला!" म्हणायचं आणि मग मोजायचं. घोडदळाचा आवाका बारा इंच. शत्रू तेवढ्यात असला तर धडक बसली. नसला तर घोडे मधेच उघड्यावर थांबणार आणि समोरच्या भरलेल्या तोफा त्यांची वाट लावणार. मोजायला क्लबात एक लाकडी पट्टी होती, तिचं टोक झिजलेलं. त्यामुळे प्रत्येक जण आपल्याला सोयीचं टोक धरायचा. वहिनींनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग पर्समधून दुकानाचा टेप काढला, पुढे झाल्या, लावला आणि सवयीने मोठ्याने म्हणाल्या, "साडेबारा. नाही पोचत."

घोडे सरदारांचे होते. खोलीत हशा पिकला. नवी नवरी नवऱ्याला पहिल्याच भेटीत तोफेच्या तोंडी देते, हे कुणी पाहिलं नव्हतं. पुढच्या रविवारी सरदार एकटेच निघाले तेव्हा क्लबाचे प्रमुख, भूगोल शिकवणारे मास्तर, दारातच म्हणाले, "एकटेच आलात? आणि पंच कुठे आहेत?"

तेव्हापासून वहिनी पंच. चहाच्या वेळी सगळे त्यांना वहिनी म्हणत, टेबलापाशी पंच, आणि पाठीमागे टेपवहिनी. सुरुवातीला त्या मोजायला लागल्या की दोन्ही खेळाडू टेपावर वाकायचे. एकदा वाकताना सरदारांचं आणि चौकातल्या चष्मेवाल्याचं डोकं असं आपटलं की चष्मेवाल्याचा स्वतःचाच चष्मा टेकडीवर पडला आणि पायदळाची अख्खी तुकडी चिरडली. मास्तरांनी त्या दिवशी नियम काढला. पंच मोजताना खेळाडूंनी एक पाऊल मागे उभं राहायचं, टेपाकडे बघायचं नाही. वहिनी आकडा सांगतील, मग निकाल सांगतील, आणि विषय संपला. कित्येक वर्षांत त्यावर कुणी ब्र काढला नाही. टेबलावरची नदीही वहिनींचीच होती, निळ्या चकचकीत अस्तराच्या उरलेल्या पट्ट्या जोडून शिवलेली.

सरदार मात्र हरत राहिले. त्यांचा दोष एकच, दम नाही. समोर फट दिसली की घोडे सोडलेच. "हल्ला!" म्हणायचे आणि वहिनी म्हणायच्या, "तेरा. नाही पोचत." "पावणेतेरा. नाही पोचत." घरी येऊन सरदार चिडचिड करायचे. "अगं, जगातल्या बायका नवऱ्यासाठी काय काय करतात, तुला पाव इंच सोडवत नाही?" वहिनी म्हणायच्या, "अहो, शत्रू पाव इंच जवळ येईपर्यंत थांबायला तुम्हाला काय होतं?" यावर सरदार पेपर उघडून त्यामागे बसायचे. पण आकडा खोटा असेल असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. त्यांच्या डोक्यातसुद्धा ते आलं नसेल.

क्लबाची वर्षातून एक स्पर्धा असे आणि जिंकणाऱ्याला पितळी पत्रा ठोकलेली लाकडी ढाल वर्षभर घरी ठेवायला मिळे. सरदारांच्या घरी ती कधी आली नाही. आणि ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी त्यांचा गुडघा धरला. टेबलाभोवती फेऱ्या मारता येईनात, स्टुलावर बसून खेळावं लागे. बसल्यामुळे झालं असं की त्यांना विचार करायला वेळ मिळायला लागला. जे काम वहिनींच्या बोलण्याने झालं नाही ते गुडघ्याने केलं. सरदार एकामागून एक सामने जिंकत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोचले. समोर चष्मेवाला.

सामन्याच्या आदल्या दिवशी वहिनी दुकानातून घरी आल्या तर सरदार शोकेससमोर उभे. मधल्या कप्प्यातले लेकीच्या शाळेतले कप त्यांनी खालच्या कप्प्यात हलवले होते आणि रिकामी काच ओल्या फडक्याने पुसत होते. वहिनींना बघून म्हणाले, "धूळ फार झाली होती." वहिनींनी "हं" म्हटलं आणि आत गेल्या. स्वयंपाकघरात उभ्या राहून त्यांना एकदम भरून आलं. या माणसाने कधी काही मागितलं नव्हतं. साधी बढती चुकली तेव्हासुद्धा "असू दे" म्हणाला होता. त्याला ही ढाल मिळावी असं त्यांना फार, फार वाटलं.

रविवारी त्या मास्तरांना म्हणाल्या, "आज पंच दुसरा कुणी बघा. घरचा मामला आहे."

चष्मेवाला हसत म्हणाला, "छे, छे! तुम्हीच हव्यात. आजवर त्यांना तुमच्याएवढं कुणी हरवलेलं नाही."

सगळे हसले. वहिनीही हसल्या आणि टेप घेऊन उभ्या राहिल्या.

सामना दुपारभर चालला. सरदार घाई करत नव्हते. चष्मेवाल्याचं पायदळ त्यांनी नदीपाशी अडकवून ठेवलं, चकमकींचा निकाल लावणारे फासेही बरे पडत होते. शेवटी चष्मेवाल्याच्या तोफा टेकडीवर एकट्या उरल्या, आणि सरदारांचे घोडे रस्त्याच्या वळणावर. हल्ला पोचला तर तोफा गेल्या, तोफा गेल्या की सामना आणि ढाल सरदारांची. नाही पोचला तर घोडे गेले आणि सगळंच गेलं. सरदारांनी बराच वेळ डोळे बारीक करून अंतर पाहिलं. मग पाण्याचा घोट घेतला आणि हळू आवाजात म्हणाले, "हल्ला."

दोघेही खेळाडू नियमाप्रमाणे मागे सरले. सरदार स्टुलावरून उठून, गुडघा धरून, मागे झाले. वहिनींनी पहिल्या घोड्यापासून तोफेपर्यंत टेप लावला.

सव्वाबारा.

त्यांनी टेप पुन्हा ताणला. सव्वाबाराच. त्यांनी मान वर केली. सरदार नियमाप्रमाणे खिडकीकडे बघत होते, पण तोंड थोडंसं उघडं होतं, निकाल ऐकायला थांबलेल्या पोरासारखं. वहिनींना पुसलेला कप्पा आठवला. बाकीचे सगळे सरदारांकडे बघत होते, टेपाकडे बघणारं वहिनींशिवाय कुणी नव्हतं.

"पोचले," वहिनी म्हणाल्या आणि टेप गुंडाळला.

मागे कुणीतरी टाळी वाजवली. मास्तर म्हणाले, "वा, सरदार, वा!" चष्मेवाल्याने उसासा सोडला आणि आपल्या तोफा उचलायला हात पुढे केला.

"थांब," सरदार म्हणाले. ते खिडकीकडून वळले होते. "आकडा?"

वहिनी गुंडाळलेला टेप पुन्हा घट्ट गुंडाळू लागल्या.

"अगं, आकडा सांग ना. किती आलं?"

आकडा न सांगता निकाल सांगितला, हे वहिनींच्या तेव्हा लक्षात आलं. कात्री चालवताना, चादर फाडताना, कधी म्हणून विसरला नव्हता तो आकडा. खोटा आकडा म्हणायला जीभ वळली नाही म्हणून त्यांनी तो गिळला होता, आणि तेवढ्यावरून नवऱ्याला कळलं होतं. नवऱ्याला कळलं हे बघून बाकीच्यांनाही कळलं.

"सव्वाबारा," वहिनी म्हणाल्या.

सरदारांनी मान हलवली. "मग नाही पोचत," असं स्वतःच म्हणत ते लंगडत टेबलापाशी आले. आपले घोडे त्यांनी तोफांच्या अलीकडे उघड्यावर नेऊन ठेवले आणि चष्मेवाल्याला म्हणाले, "तोफा ठेव जागेवर. उडव."

"राहू दे हो आता," चष्मेवाला म्हणाला.

"उडव म्हणतो ना!"

चष्मेवाल्याने फासे टाकले. घोडे गेले. सरदारांनी एकेक उचलून डब्यात ठेवला आणि हात मिळवला.

मास्तर मोठे सज्जन. घसा साफ करून म्हणाले, "इतक्या वर्षांत एखादी नजरचूक व्हायचीच."

"नजरचूक नाही, मास्तर," वहिनी म्हणाल्या. "मला नीट दिसलं होतं. मी खोटं बोलले. पुढच्या रविवारपासून दुसरा पंच बघा."

एरवी सगळे "काहीतरीच काय, वहिनी!" म्हणून धावले असते. त्या दिवशी कुणी धावलं नाही. चष्मेवाला ढाल काखेत घेऊन असा उभा होता की जणू ती कुणाच्या तरी दारातून उचलून आणली असावी. सगळ्यांनी मिळून मुकाट्याने टेकड्या आवरल्या.

दोघं चालत घरी निघाले. अजून उजेड होता. गुडघ्यामुळे सरदार हळू चालत, म्हणून वहिनीही हळू. बोलायची सुरुवात वहिनींनी केली.

"रागावलात?"

"नाही. माझ्यासाठीच केलंस, ते काय मला कळत नाही?" सरदार म्हणाले. ते खरंच रागावलेले नव्हते. रागावले असते तर वहिनींना सोपं गेलं असतं.

औषधाच्या दुकानापाशी रस्ता ओलांडायला ते थांबले. एक गाडी गेली, दुसरी गेली. रस्ता मोकळा झाला तरी सरदार उभेच होते.

"एक विचारू?"

"विचारा की."

"मागे माझ्या मानेवर गाठ आली होती बघ."

वहिनींना आठवत होतं. तपासणीचा निकाल ऐकायला आत जायचं सरदारांना धैर्य झालं नव्हतं. ते बाहेर बाकावर बसून राहिले आणि वहिनी एकट्या आत गेल्या. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "साधी गाठ आहे, काही नाही." एवढ्यावर सरदार उठले, कोपऱ्यावरच्या गाड्यावर दोन केळी खाल्ली आणि तसेच डेपोत कामाला गेले. त्या रात्री ते घोरत झोपले होते. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नव्हता.

"ती साधी आहे असं डॉक्टरच म्हणाले होते ना?"

"डॉक्टरच म्हणाले. साधीच होती, अहो. खरंच."

"बरं," सरदार म्हणाले.

त्यांनी रस्ता ओलांडला. पलीकडे गेल्यावर सरदार वहिनींकडे न बघता म्हणाले, "उद्या डेपोतून येताना जरा डॉक्टरांकडे डोकावून येतो. सहज."

"मी येऊ बरोबर?"

"नको. मी एकटाच विचारतो."

"या विचारून," वहिनी म्हणाल्या. त्यांना राग आला नाही. सरदारांच्या जागी त्या असत्या तर त्यांनीही विचारलं असतं. रडू मात्र आलं, आणि घरात सरदारांना ते दिसायला नको म्हणून त्यांनी दोन पावलं मागे राहून ते रस्त्यातच उरकून घेतलं.