सभापतिपद तिच्याकडे गेलं

महापालिकेत कुणालाच बहुमत मिळालं नाही, तेव्हा आमच्या पक्षाने विरोधकांशीच युती केली. मी सानपाड्याची नगरसेविका. महिला व बालकल्याण समितीचं सभापतिपद मला मिळणार, असं आमचे अध्यक्ष चारचौघांत बोलून बसले होते. वाटाघाटीत ते पद मित्रपक्षाला गेलं आणि त्यांची पहिल्यांदाच निवडून आलेली एक बाई सभापती झाली.

"ताई, सत्ता हवी तर काहीतरी सोडावं लागतं," अध्यक्ष म्हणाले.

"मग तुमचं सोडा की," मी म्हटलं. त्यांनी हसून चहा मागवला. सभागृहात मी तिच्यासाठी हात वर केला.

आमच्या भागातल्या घाऊक मार्केटात कांदा निवडणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर व्हावं, हे मी प्रचारात दारोदार सांगत फिरले होते. ते तिने करून दाखवलं. उद्घाटनाला मी तिच्या शेजारी उभी होते. एरवी गोण्यांच्या आडोशाला झोपणारी पोरं आत चटईवर खेळत होती.

भाषणात ती म्हणाली, "ही कल्पना माझी नाही, या ताईंची आहे."

टाळ्या झाल्या. मी हात जोडले, पण आतून जळत होते. तिने श्रेय लाटलं असतं, तर निदान तिला नावं तरी ठेवता आली असती. तेवढ्यात साताऱ्याकडची एक कामगार बाई पेढे घेऊन पुढे आली. "मॅडम, लई उपकार झालं," असं म्हणत तिने पहिला पेढा सभापतींपुढे धरला. मी बाजूला सरकून त्या बाईला वाट करून दिली.