खुळखुळ्याची लव

"उलटा हात फिरवा, मॅडम."

हे तिचं ठरलेलं वाक्य. टेकडीवर एखादं रोप दिसलं की ती त्याच्यासमोर उकिडवी बसायची, देठावरून एक बोट वरून खाली न्यायची आणि मग तेच बोट हळूच खालून वर आणायची. डोळे मिटलेले. दुकानात मखमलीचं कापड आलं की ते जोखायची तिची हीच रीत होती. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझं उभं आयुष्य गेलं. पण सांगायला लाज वाटते, त्या एका बोटाचा मला जितका हेवा वाटला तितका कुणाच्या बंगल्याचा किंवा परदेशातल्या मुलाचाही वाटला नाही.

ती ठाकुर्लीला एका इमारतीच्या तळमजल्यावर ब्लाउज शिवायची. आम्हा डोंबिवलीकरांचा एक गट आहे. पावसाळा सरत आला की दर रविवारी टिटवाळ्याच्या पुढच्या टेकड्यांवर रानफुलं बघायला जातो. गटासाठी शिवलेल्या कापडी पिशव्या द्यायला ती एका सकाळी आली, आमच्या टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या बघून म्हणाली, "मी पण येऊ का? आज दुकान बंदच आहे." मीच म्हटलं, या की! माझीच जीभ, दुसऱ्या कुणाला बोल लावू?

खुळखुळा तुम्ही पाहिला असेल. वालाच्या फुलासारखं फूल, बहुतेक पिवळं. शेंग वाळली की आत बिया वाजतात. पण खुळखुळा म्हणजे एकच झाड नव्हे, ते एक मोठं खटलं आहे, आणि त्यातल्या बहिणी बहिणी इतक्या सारख्या दिसतात की भल्याभल्यांची भंबेरी उडते. एकीच्या पानाला टोकाशी खाच, दुसरीच्या नाही. एकीची शेंग गुळगुळीत, दुसरीची केसाळ. एकीची लव अंगाला चिकटलेली, दुसरीची उभी. या खटल्यात मी वीस वर्षं घातली होती. कल्याण-डोंबिवलीत खुळखुळ्याचा विषय निघाला की माझं नाव निघायचं, आणि मला ते फार आवडायचं.

त्या पहिल्याच रविवारी मी एका उतारावरची झाडं दाखवून ऐटीत सांगितलं, "ही सगळी एकच जात." ती मागून म्हणाली, "मॅडम, हे एका ताग्यातलं कापड नाही हो. ही चार वेगळी आहेत." सगळे हसले. मीही हसले. मग भिंग काढून बघितलं, तर चार वेगळी होती. बाई गं, कानाच्या पाळ्या तापल्या माझ्या.

पुढे हे नेहमीचंच झालं. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर पूर्वी फोटो यायचा आणि खाली लिहिलेलं असायचं, "मॅडम, हे कोणतं?" आता तिथे यायला लागलं, "काकू काय म्हणतात?" काकू म्हणजे ती. आणि काकूंचं उत्तर काय? "आत्ता कच्चा टाका घालून ठेवू. शेंग आली की पक्का." खात्री नसली की ती असंच म्हणायची. कच्चा टाका म्हणजे कापड तात्पुरतं जोडायला घालतात तो, एका ओढीत निघणारा. मी मात्र वीस वर्षांत एकदाही "खात्री नाही" असं लिहिलेलं नव्हतं.

एकदा मुद्दाम सगळ्यांसमोर विचारलं, "मग याचं शास्त्रीय नाव काय हो?" पडली पाहिजे ना कुठेतरी! ती साधेपणाने म्हणाली, "नावं तुम्ही सांगायची, मॅडम. मी फक्त वेगळं काढून ठेवते." लोकांना हे इतकं आवडलं की कुणीतरी तिला स्वतःच्या डब्यातला लाडू दिला. माझ्या डब्याकडे कुणी बघितलंही नाही.

मग मी तिच्याकडे ब्लाउज टाकला. हेतू चांगला नव्हता. बाही घट्ट होईल, गळा उतरेल, काहीतरी खोट निघेल आणि मला चार लोकांत सांगता येईल, एवढंच मनात. तिने मापाचा ब्लाउज ठेवून घेतला, आठवड्याने नवा दिला. घालून आरशासमोर उभी राहिले. जन्मात असा ब्लाउज बसला नव्हता. इतका राग आला की तो कपाटात अगदी तळाशी टाकला, आणि मापाचा आणायला काही गेले नाही.

त्याच सुमारास माझी पुस्तिका तयार होत होती, 'टेकडीवरचे बारा खुळखुळे'. सगळा जीव होता माझा त्या बाराव्यात. ही जात आपल्या भागात कुणी नोंदवलेली नव्हती. तिचाच फोटो मुखपृष्ठावर जाणार होता. आता तुमच्यापासून काय लपवायचं? माझे गुडघे तेव्हा पार गेले होते. ती जात उगवते त्या वरच्या सड्यावर, टेकडीच्या माथ्यावरच्या सपाट कातळावर, मी चढलेच नव्हते. गटातल्या एकाने झाड उपटून, वर्तमानपत्रात दाबून, वाळवून आणून दिलं. मी भिंगातून लव बघितली, अंगाला चिकटलेली. पुस्तकाशी ताडून बघितलं आणि लिहून टाकलं, 'प्रत्यक्ष पाहून'.

छपाईला द्यायच्या आठवड्यात ती घरी आली. तो वाळवलेला नमुना बघायला मागितला. बराच वेळ वाकून बघत राहिली, पण हात काही लावला नाही.

"मॅडम, हे झाड तुम्ही उभं असताना बघितलंत?"

"म्हणजे?"

"दाबलेल्या कापडाची लव कळत नाही हो. बायका ट्रंकेतली मखमल आणतात ना माझ्याकडे, सगळी बसलेली असते. वाफ दिली की उठते. याची लव उभी आहे. मी वर जाऊन हात लावून आलेय."

लव उभी असेल, तर ते झाड आमच्या यादीतलं चौथं, कुठल्याही उतारावर उगवणारं. म्हणजे बाराचे अकरा, आणि मुखपृष्ठ गेलं.

"कुणाला बोललात का हे?" मी विचारलं.

"छे! तुम्हालाच सांगायला आले. परत एकदा बघा, एवढंच. तोवर कच्चा टाका ठेवा."

"बघते परत," मी म्हटलं. तिला चहाही विचारला नाही. आणि दुसऱ्याच दिवशी सगळं छापायला देऊन टाकलं.

प्रकाशनाच्या दिवशी मी सगळ्यांचे आभार मानले, छापखान्याचे, माईकवाल्याचेसुद्धा. तिचं नाव घेतलं नाही. ती तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. कार्यक्रम संपल्यावर एक प्रत विकत घेऊन पुढे आली. "सही द्या ना, मॅडम." मी सही केली. मुखपृष्ठाकडे तिने बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि "छान झालंय" म्हणून गेली. मी वर्षभर वाट बघत होते की ही आता ग्रुपवर लिहील, मग लिहील. तिने एक अक्षर लिहिलं नाही. त्याचाही मला रागच यायचा.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. पोटाचं दुखणं निघालं आणि महिन्याभरात सगळं आटोपलं. मी भेटायला गेले नाही, नंतरही गेले नाही. गुडघ्यांचं कारण सांगितलं. सगळ्यांना ते पटलं.

गणपतीनंतर एक दिवस तिची सून दारात. "मॅडम, आईंचं दुकान रिकामं करतेय. तुमचा मापाचा ब्लाउज राहिलेला. आणि हे पुस्तक त्याच्याच घडीत होतं. आत तुमची सही आहे, म्हणजे तुमचंच असणार."

"आई काही म्हणालेल्या का याच्याबद्दल?"

"नाही हो. कशाबद्दल?"

ती गेल्यावर पुस्तिका उघडली. अकरा पानं कोरी करकरीत. बाराव्या खुळखुळ्याच्या पानावर कागदाची एक चिठ्ठी पांढऱ्या दोऱ्याने टाचलेली. कच्चा टाका, लांब लांब. चिठ्ठीवर शाईने एवढंच : 'मॅडम परत बघणार आहेत.'

दोन वर्षं मी तिला मनातल्या मनात शिव्या घालत होते आणि ही बया माझ्या शब्दावर विसंबून बसली होती.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी रिक्षा केली, टेकडीच्या पायथ्याशी उतरले आणि काठी टेकत टेकत वर गेले. अंगात तो तळाशी टाकलेला ब्लाउज होता. दर वीस पावलांना बसत होते. सड्यावर झाडं होती, पिवळ्या फुलांची, वाऱ्यावर शेंगा वाजत होत्या. डोळे मिटून देठावरून बोट वरून खाली नेलं, काही कळलं नाही. मग उलटं फिरवलं. खरखरलं. लव उभी होती.

तिथेच बसून ग्रुपवर लिहिलं, 'बारावा खुळखुळा चुकला आहे. तो चौथाच आहे. मी तो न बघता लिहिला. काकूंनी मला छापायच्या आधीच सांगितलं होतं.' धडाधड उत्तरं आली. 'काकू ग्रेटच होत्या.' 'काकूंना सलाम.' खरं सांगते, तेव्हाही माझ्या पोटात दुखलं.

घरी येऊन पेन घेतलं आणि चिठ्ठीवर तिच्या ओळीखाली लिहिलं : 'बघितलं.' वर तिचं टपोरं अक्षर, खाली माझे कोंबडीचे पाय. मेलीने तेवढ्यातही मला पुढे जाऊ दिलं नाही. टाका ओढून काढायला दोरा बोटात धरला होता, तो तसाच सोडून दिला.