समोरची जाळी

घाटंजीहून यवतमाळला जाणारी माझी एसटी डोळ्यांदेखत निघून गेली. दोष माझाच. मित्राच्या घरी भाकरी-ठेच्यावर आडवा हात मारत बसलो होतो. फाट्यावर येऊन उभा राहिलो, तेव्हा एक पिकअप थांबली. मूळ रंग कोणता होता हे सांगता येऊ नये इतकी जुनी. चालवणारे रामधन जवळच्या तांड्यातले (बंजारा वस्तीतले) होते. शेजारी त्यांची मुलगी संगीता मांडीवर फाईल धरून बसली होती. तिचं नर्सिंगचं शिक्षण झालं होतं आणि बारा वाजता यवतमाळच्या एका दवाखान्यात तिची मुलाखत होती.

"बसा जी, आमालेही तिकडंच जाचं आहे," रामधन म्हणाले.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणी उरकत आलेली पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उभी होती. त्या वर्षांत यवतमाळचं नाव आमच्या पुण्याच्या वर्तमानपत्रांत यायचं ते वाईट बातमीतच. इथं सगळे मान खाली घालून बसलेले असतील, अशी माझी समजूत होती. हे बापलेक मात्र मुलाखतीत काय विचारतील यावर तावातावानं भांडत होते. मला ते भांडण फार आवडलं.

चढ लागला आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेघेला जाऊन टेकला. बॉनेटमधून वाफ निघू लागली. रामधननी गाडी कशीबशी एका चहाच्या टपरीशी आणून उभी केली. साडेदहा वाजत आले होते. पुढची बस दुपारशिवाय नव्हती आणि रस्त्यावर दुसरं वाहनही दिसत नव्हतं.

आता माझा नंबर होता. पुण्याच्या इंजिनांच्या कारखान्यात मी उभं आयुष्य काढलंय. बाह्या सरसावल्या. बेल्ट ताणून पाहिला, ठीक होता. नळ्या चाचपल्या, कोरड्या होत्या. कुठे गळतीचा मागमूस नाही. मग विचारलं, "गाडी पाणी पिते का?"

"पेते न जी. रोज एक डबा पेते."

गळत नाही आणि पाणी तर संपतं, म्हणजे आतलं पॅकिंग फाटून ते इंजिनाच्या पोटात जातंय. मी हात पुसले आणि कारखान्यातल्या माझ्या ठेवणीतल्या आवाजात निकाल दिला. "हेड गॅस्केट गेलंय. अशीच चालवलीत तर इंजिन बसेल. ओढूनच न्यावी लागेल."

रामधन मुलीकडे न बघता म्हणाले, "राहू दे बाई. पुढच्या भरतीले पाहू."

संगीतानं फाईल छातीशी घट्ट धरली. तिचे डोळे भरून आले. मला वाईट वाटलं, पण आपलं निदान चुकलं असेल ही शंका मनाला शिवलीसुद्धा नाही.

टपरी वच्छलाबाईंची होती. फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती, खाली तळणीत आलूबोंडे (बटाटेवडे). झारा हातात तसाच धरून त्या बाहेर आल्या.

"हे गाडी कापूस वाहाते काय?"

"वाहाते न. दिवाळीपासून तेच चालू आहे," रामधन म्हणाले.

"अन् गरम कवापासून होते?"

रामधननी गाडीकडे पाहिलं. "दिवाळीपासूनच."

"मंग समोरची जाळी पाह्यली काय? मी बारा वर्षं जिनिंगमध्ये (सरकी काढायच्या कारखान्यात) होती. मोटर तापली का पहिले जाळी साफ कराची, मंग फिटरले बोलवाचं. जिनिंग बंद पडली म्हनून चहा इकून राह्यली."

मी वाकलो. दर्शनी जाळीच्या मागे, रेडिएटरच्या तोंडावर, एक जुनी ओढणी ताणून बांधलेली होती. तिच्यावर रुई आणि धूळ यांची जाड गादी बसली होती.

"हे तर याडीनं (आईनं) बांधली," संगीता म्हणाली. "रेडिएटरात रुई जाऊ नये म्हणून."

काळजीनं बांधलेल्या ओढणीनंच गाडीची हवा कोंडली होती. आणि पाणी? ते उकळून बारीक नळीवाटे वाटेतच सांडत होतं. गाडी पाणी पीत नव्हती, फेकत होती, आणि मी एका शब्दावर निकाल देऊन मोकळा झालो होतो.

ओढणी सोडली. इंजिन निवेपर्यंत आलूबोंडे खाल्ले, पण मला त्यांची चव लागली नाही. मग वच्छलाबाईंच्या पिंपातलं पाणी भरलं आणि निघालो. उरलेल्या चढावर आम्ही तिघंही रस्ता सोडून काट्याकडेच बघत होतो. तो मध्यावरून हलला नाही. बाराला दहा मिनिटं असताना संगीता दवाखान्याच्या फाटकातून पळत आत गेली.

यवतमाळचं काम उरकून चार दिवसांनी, रामधनना बोललो होतो तसा, मित्राकडचं सामान घ्यायला घाटंजीला परतताना बस त्याच टपरीशी थांबली. वच्छलाबाईंनी कागदाची पुडी पुढे केली. "पोरगी नोकरीले लागली जी. रामधन तुमच्यासाठी पेढा ठेवून गेला." मग चहा गाळता गाळता त्यांनी विचारलं, "तुमी येवढे शिकलेले. मंग त्या पोरीले घरी कायले पाठवून राह्यलते?"

"गाडी काय वाहते, हे मी विचारलंच नाही," मी म्हणालो.

पुण्याला परतताना रेल्वेत रात्रभर मला माझा तो ठाम आवाज आठवत राहिला आणि लाज वाटत राहिली. चूक कोणाचीही होते. पण त्या आवाजापुढे एका बापानं मुकाट्यानं मान तुकवली होती. नोकरीत त्या आवाजानं आणखी किती जणांना गप्प केलं असेल, कोण जाणे.

पेढा पुण्यापर्यंत तसाच आणला. बायकोनं पुडी सोडून विचारलं, "हा कोणाकडचा?"

म्हटलं, "जिला मी वाटेतूनच घरी पाठवणार होतो, तिच्याकडचा."