ग्रुपवरचं आवतण

विद्यापीठात मी 'डिजिटल माध्यमं आणि समाज' हा विषय घेतला, तेव्हा घरी सगळ्यांची समजूत झाली की पोरगी मोबाइल दुरुस्त करायला शिकतेय. मीही ती फारशी खोडून काढली नाही. प्रकल्पासाठी मी वैशाखऱ्याजवळचं आमचं गावच निवडलं. गावाच्या ग्रुपवर काय येतं, कोण बघतं, हे वहीत टिपायचे आणि मनातल्या मनात स्वतःला मोठी विदुषी समजायचे.

त्याच वर्षी भावाचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नाचं आवतण घरोघर जाऊन, दारात अक्षता देऊन द्यायचं असतं. मी आईला म्हटलं, एवढी पायपीट कशाला, ग्रुपवर पत्रिका टाकू. आई कुरकुरली. मी तिला प्रकल्पातली जडजड वाक्यं ऐकवली, तशी बिचारी गप्प बसली. पत्रिका टाकली. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी ती पाहिली, अंगठे आले, फुलं आली. आवतणाची जुनी रीत आता संपली, असं मी प्रकल्पात लिहूनसुद्धा टाकलं.

मांडवाच्या दिवशी दहा वाजले तरी अंगणात आम्ही घरचेच. मेढी रोवायला, वर जांभळीच्या डहाळ्या टाकायला दरवेळी अख्खा गाव लोटतो. आज एक माणूस फिरकला नव्हता. संध्याकाळी हळद होती. आई चुलीपाशी डोळे पुसत बसली. मुलाच्या हळदीला गाव येत नाही, याहून मोठी नामुष्की तिला ठाऊक नव्हती. आणि ती माझ्यामुळे ओढवली होती.

मी अक्षतांचं ताट उचललं आणि धावत सुटले. गंमत म्हणजे रागावलेलं कोणीच नव्हतं. सगळे आंघोळी उरकून, बोलावण्याची वाट बघत ओटीवर बसलेले. हातात अक्षता पडल्या की पहार, कोयता घेऊन निघायचे. फक्त हळदीची गाणी म्हणणारी शेजारची काकी ढिम्म बसून तांदूळ निवडत होती. तिच्या गाण्याशिवाय आमच्या आळीत हळद लागत नाही.

"तू गावाला बोलावलंस गो," ती सुपातून नजर न काढता म्हणाली. "मला कवा बोलावलंस?"

मी तिच्या पाया पडले, चुकलं म्हटलं, अक्षता दिल्या. तिनं त्या घेतल्या, पण येते असं काही म्हणाली नाही.

संध्याकाळी मांडव माणसांनी भरला, हळद कालवून झाली, तरी काकीचा पत्ता नव्हता. आई सारखी वाटेकडे बघत होती. शेवटी काकी आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. थेट मधोमध बसली आणि सूर लावला. नवरदेव राहिला बाजूला, पहिली ओळ माझ्यावरच:

"शिकली सवरली करवली गो,
दारात यायची इसरली गो."

सगळा मांडव खदखदून हसला. मला लाजेनं तोंड कुठं लपवावं कळेना. सगळ्यात मोठ्यानं आई हसत होती, दिवसभरात पहिल्यांदाच.