नाइट शिफ्टवाल्यांना दुपारी गेलेला फोन

परवा दुपारी आमच्या भिलाईच्या घरी भलतीच धावपळ उडाली... आणि तीही माझ्याच आवाजामुळे.

मी घरून दिवाळीचा फराळ करून विकते, हे तुम्हाला माहीत आहेच. गिऱ्हाइकं बहुतेक इथल्या स्टील प्लांटमधली, विदर्भातून इथे आलेली मराठी कुटुंबं. यंदा मात्र दिवाळी तोंडावर आली तरी जुन्या घरांमधून एकही ऑर्डर नव्हती.

लोक आता ऑनलाइन पाकिटं मागवतात म्हणे... बेसन, तूप सगळं भरून ठेवलेलं, आणि मनात सारखं एकच, की माझी माणसं सुटली.

माझी लेक रेवा पुण्याला मार्केटिंगमध्ये आहे, सुट्टीवर आलीये. "मम्मी, टेन्शन मत ले, मी करते न," म्हणाली. माझ्या आवाजात फराळावर सूट असल्याची जाहिरात रेकॉर्ड केली आणि असं काही सेटिंग केलं की सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना दुपारी आपोआप फोन जाईल. दुपारी लोक निवांत असतात, असं तिच्या कोर्समध्ये शिकवलंय!

आता भिलाईत वाढलेल्या पोरीला एवढं कळू नये? नाइट शिफ्ट करून आलेला माणूस दुपारी झोपलेला असतो. त्या घरची आपण बेलसुद्धा वाजवत नाही, पिशवी फाटकाला अडकवून गुपचूप परत येतो. पण कार्टीने मला वेळ विचारलीच नाही...

फोन गेले आणि थोड्याच वेळात रुआबांधा सेक्टरमधल्या कुंदावहिनी आणि भाऊजी स्कूटरवर दारात हजर! माझी सगळ्यात जुनी गिऱ्हाइकं. भाऊजींचे डोळे लाल, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. म्हटलं, आता चांगली खरडपट्टी निघणार आणि हेही घर हातचं जाणार.

वहिनींनी आधी माझा हातच धरला. "कावून वो माय, बरी हायेस न तू? तू कधी दुपारचा फोन करत नाहीस. यायनं तुझा नुसता 'नमस्कार' ऐकला न् फोन टाकून उठले... म्हणे, चाल लवकर, तिच्या घरी काहीतरी झालं!"

पुढची जाहिरात त्यांनी ऐकलीच नव्हती. मी खरं कारण सांगितलं तेव्हा भाऊजी पायरीवर बसून हसतच सुटले. रेवा सॉरी सॉरी म्हणत सगळ्यांसाठी चहा घेऊन आली.

मग मी धीर करून विचारलंच... यंदा फराळ दुसरीकडे सांगितला का? वहिनी चिडल्या.

"इतक्या वर्षांनंतर बी तुले सांगा लागते काय? तू आमचं करूनच राहिली असशील म्हणून आम्ही निवांत होतो!"

मला एकदम रडूच आलं. संध्याकाळी बाकीच्यांचेही फोन आले... सूट किती, हे कोणीच विचारलं नाही. आधी घरी सगळं ठीक ना, आणि मग चकली, चिवडा.

रेवाने ते सेटिंग स्वतःच बंद केलं. मी मात्र अजून त्या दोघांचाच विचार करतेय... माझं काही बिघडलं असेल म्हणून भरझोपेतून उठून धावत येणारी माणसं माझ्या हातचं खातात. आणखी काय हवं हो मला!