मागचं डावं चाक

"गाडी चालवता येणं वेगळं, आणि गाडी घरी आणता येणं वेगळं," मावशी एकदा म्हणाली होती. समोरच्या बाईने खांद्यावरची पर्स सावरत विचारलं, "म्हणजे मला आज स्टिअरिंगवर बसायला मिळणार नाही का?" मावशीने उत्तरादाखल तिच्या हातात व्हीलपाना ठेवला. तो जड लोखंडी पाना ती बाई झोपलेलं मूल धरावं तसा दोन्ही हातांवर धरून उभी राहिली.

बावीस वर्षं मावशीने बायकांना गाडी शिकवली. फक्त बायकांना. शाळा म्हणजे एक खोली, एक टेबल, दोन बाकं आणि भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता. खिडकीतून येणाऱ्या उन्हाने तक्त्याचा तांबडा रंग पार उडाला होता, त्यामुळे तिथे शिकलेल्या कित्येकींना धोक्याच्या सगळ्या खुणा फिकट गुलाबीच आठवत असतील. टेबलाशी मी बसायचे. फोन घेणं, अर्ज भरणं, आणि रडवेल्या झालेल्या बायकांना पाणी देणं ही माझी कामं. बाहेर ती पांढरी गाडी उभी असायची. शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक बसवलेली. तो ब्रेक मावशी फार क्वचित दाबायची. "तुझा पाय आधी पोचायला हवा, माझा नाही," एवढंच म्हणायची, आणि समोरून येणाऱ्या ट्रककडे अशी बघायची की जणू कुणी ओळखीचं येतंय.

शेवटची परीक्षा चाकाची. लायसन्सच्या परीक्षेआधी बंद छापखान्यामागच्या मैदानात गाडी उभी करायची, आणि मागचं डावं चाक पंक्चर झालं आहे असं समजायचं. एकटीने ते उतरवून स्टेपनी चढवायची, मग स्टेपनी उतरवून पुन्हा तेच चाक बसवायचं. कुणी फडकंसुद्धा हातात द्यायचं नाही. मावशी दहा पावलांवर पाठ करून उभी राहायची. "मी बघत राहिले की मुली चाकाकडे बघत नाहीत, माझ्या तोंडाकडे बघतात," हे तिचं कारण. ते झालं की ती येऊन नट एकेक करून ओढून बघायची आणि ऑफिसात येऊन दाखल्यावर सही करायची. चाक नाही तर सही नाही. लग्नाची तारीख विसरलेल्या बायका मला पुढे रस्त्यात भेटल्या, पण चाकाचा दिवस विसरलेली एकही भेटली नाही.

या हट्टाचं मूळ तिच्या दिरात होतं. लग्नानंतर चारेक वर्षांनी मावशी एकटीच गाडी घेऊन निघाली होती आणि गावाबाहेर चाक पंक्चर झालं. नेमका तिचा दीर मागून आला. त्याने दहा मिनिटांत चाक बदललं आणि त्या दहा मिनिटांचं भांडवल पुढे दहा वर्षं केलं. घरात चार माणसं जमली की सुरू. "वहिनी कशी उभी होती सांगू? पर्स अशी पोटाशी धरून. मला वाटलं बसची वाट बघतेय." सगळे हसायचे, मावशीही हसायची. पण एका दुपारी तिने दार लावून घेतलं, गाडीचं पुस्तक उघडलं आणि अंगणात चारही चाकं एकामागून एक काढून पुन्हा बसवली. मी तेव्हा सात वर्षांची असेन. पायरीवर बसून मी बघत होते. तिच्या कपाळावर ग्रीसचा एक पट्टा उमटला होता आणि ती चेहऱ्याने वेगळीच, माझ्या ओळखीची नसलेली बाई दिसत होती. रबराचा तो तापलेला वास अजून कुठे आला की मला ती दुपार आठवते. त्या दुपारी त्या घरातलं काहीतरी कायमचं सैल झालं आणि काहीतरी कायमचं आवळलं गेलं. कुठलं काय, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

तिची आणखी एक पद्धत होती. पंक्चर काढून चाक आलं की दुकानदाराने आवळलेले नट ती जागच्या जागी सगळे ढिले करायची आणि स्वतः पुन्हा आवळायची. "त्याचा हात काढायचा, आपला लावायचा." पंक्चरवाला आधी दुखावला होता. मग त्यालाही सवय झाली. "बाई, तुमच्या गाडीला मी नुसते टेकवून देतो," तो म्हणायचा. मग त्याने हवेवर चालणारं मशीन आणलं. घर्र आवाज झाला की नट बसला. तरी मावशी यायची, आणि पाना लावून ते उघडायची. फक्त आता त्यावर पाय द्यावा लागायचा.

शेवटच्या वर्षी तिची सून गाडी शिकायला आली. सून फिजिओथेरपिस्ट. तिला नवी नोकरी लागली होती. तीन लांबच्या दवाखान्यांत आलटून पालटून जायचं, गाडी संस्थेची, चालवायची तिनेच. सोमवारी रुजू व्हायचं होतं. लायसन्सची परीक्षा शुक्रवारी, म्हणजे मावशीच्या सहीचा दाखला गुरुवारी हवाच. पुढची तारीख दीड महिन्याने होती आणि संस्थेच्या यादीत दुसरं नाव तयार होतं. घरी बसून सूनबाईंना तीन वर्षं झाली होती, पहिली दोन बाळामुळे, तिसरी कशामुळे ते कुणी विचारत नव्हतं.

गाडी ती छान चालवायची. पण मंगळवारी मैदानात चाक निघालं नाही. चाकच काय, एक नटही हलला नाही.

"आई, हे नट माणसाने आवळलेले नाहीत," ती म्हणाली.

"मग काय देवाने आवळले?" मावशी पाठ न वळवता म्हणाली.

"देव असता तर थोडी दया केली असती."

"जोर लाव. कण्हू नकोस."

"मी कण्हत नाहीये, पाना कण्हतोय."

मी अर्जांचा गठ्ठा घेऊन बाजूला उभी होते. मला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. कारण मागच्या दोन महिन्यांत आणखी तिघी याच चाकापाशी अडल्या होत्या. तिघींच्या अर्जांवर मीच मावशीच्या सांगण्यावरून "पुन्हा प्रयत्न" असं लिहिलं होतं. मावशी म्हणाली होती, हल्लीच्या मुलींच्या मनगटात दमच नाही. मला ते पटलंही होतं. बावीस वर्षं जिचं खरं ठरत आलं, तिचं आणखी एक वाक्य पटायला असा किती वेळ लागतो.

त्या संध्याकाळी मावसभाऊ ऑफिसात आला. "आई, करून टाक ना सही. घरचीच तर आहे."

"घरची आहे म्हणूनच."

"अगं, हल्ली फोन केला की माणूस येतो. चाक बदलून देतो, वर हसून जातो."

"तुझा काकाही हसूनच गेला होता," मावशी म्हणाली.

सून बाकावर बसून हाताला क्रीम लावत होती. तळव्यावर दोन फोड आले होते. "तुम्ही मध्ये पडू नका," ती नवऱ्याला म्हणाली. "मला वशिल्याची सही नको. गुरुवारी सकाळी परत बघू."

गुरुवारी आम्ही तिघीच गेलो. आकाश भुरकट होतं आणि छापखान्याच्या फुटक्या खिडक्यांतून कबुतरं आत-बाहेर करत होती. सुनेने हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली, पुढच्या चाकांना विटा लावल्या. मावशी दहा पावलं मोजून पाठ करून उभी राहिली. पाना लागल्याचा टक्क आवाज आला, मग सुनेचा श्वास, मग काहीच नाही. पुन्हा तेच. ती पान्यावर उभी राहिली, तर पाना निसटून मातीत पडला आणि ती गुडघ्यावर आली.

"आई," तिने हाक मारली. "एक नट तुम्ही काढून दाखवा. नुसता एक."

"मी कशाला दाखवू? परीक्षा तुझी आहे."

"शिकवा मग. परीक्षा नंतर घ्या."

मावशी वळली. तिने पदर खोचला, खाली बसली आणि पाना नटावर बसवला. तिने तो ज्या तऱ्हेने धरला ते मी बघितलं. मुठीत नाही. दोन तळव्यांच्या मध्ये, अंगठे बाजूला काढून, गरम भांडं उतरवावं तसा. तिने जोर केला. मानेवरची शीर वर आली. नट हलला नाही. तिने तो दुसऱ्या नटाला लावला, मग तिसऱ्याला. मग पाना हळूच जमिनीवर ठेवला, आवाज होऊ नये अशा बेताने.

सुनेने तिचा उजवा हात हातात घेतला आणि अंगठ्याचा सांधा हळूच दाबून बघितला.

"कधीपासून दुखतायत अंगठे?" सुनेने विचारलं. तिचा आवाज दवाखान्यातला होता, घरातला नव्हता.

"वर्ष झालं असेल."

"चहाचं पातेलं तुम्ही चिमट्याऐवजी दोन फडक्यांनी उतरवता. मला वाटलं होतं."

"वाटलं होतं तर बोलायचंस की."

"तुम्ही ऐकलं असतं?"

चाकाकडे बघत मावशी म्हणाली, "मागे पंक्चर काढलं ना याचं, तेव्हा मी परत आवळलं नाही. म्हटलं उद्या करू. मग म्हटलं, कशाला, मशीनने बसवलेलं आहे, चांगलंच असणार." तिने चाकावरून तळवा फिरवला. "त्या तिघींनी याच्यावरच जोर लावला."

तिला हे आधीच कळलं होतं का, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. पाठ करून उभं राहणाऱ्या माणसाला आवाज ऐकू येतातच. न हलणाऱ्या नटाचा आवाज तिच्याइतका दुसऱ्या कुणाला ओळखता आला असता? पण स्वतःच्या हातांची बातमी माणूस सगळ्यात शेवटी ऐकतो. मला एवढंच माहीत आहे की ती त्या क्षणी खोटं बोलत नव्हती.

सून उठली आणि छापखान्याच्या भिंतीकडे गेली. तिथे गंजलेल्या भंगाराचा ढीग होता. त्यातून तिने हातभर लांबीचा एक पोकळ पाइप शोधून आणला आणि तो पान्याच्या दांड्यावर चढवला. "हे चालेल ना? कुणी हातात दिलेलं नाही, माझं मी शोधलं."

"चालेल," मावशी म्हणाली.

या वेळी ती दहा पावलांवर गेली नाही. छापखान्याच्या पायरीवर समोर तोंड करून बसली. पाइपच्या टोकाला भार दिल्यावर पहिला नट करकरला, आणि कबुतरं उडाली. मग दुसरा. चारही ढिले झाल्यावर सुनेने जॅक लावला, चाक उतरवलं, स्टेपनी मांडीवर टेकवून वर ढकलली, नट बोटांनी फिरवले, गाडी खाली घेतली आणि मग समोरासमोरचे नट जोडीने आवळले. पुन्हा ते सगळं उलट. चाळीस मिनिटं लागली. बावीस वर्षांत मावशीने एकाही बाईला चाक बदलताना बघितलं नव्हतं. ती बघत होती, आणि तिचे ओठ किंचित हलत होते, आपलंच पत्र दुसऱ्याने मोठ्याने वाचावं आणि आपण बरोबरीने पुटपुटावं तसे.

शेवटी नट ओढून बघायची वेळ आली. सून पाना पुढे करून उभी होती. मावशीने तो घेतला नाही. "तूच बघ," म्हणाली.

ऑफिसात आल्यावर तिने हात धुतले, खुर्चीत बसली आणि सुनेच्या दाखल्यावर सही केली. सूनबाई कागद घेऊन धावतच परवाना कार्यालयाकडे गेली, कारण खिडकी एकला बंद व्हायची.

"त्या तिघींचे अर्ज काढ," मावशी मला म्हणाली.

"एकीने दुसऱ्या शाळेतून लायसन्स काढलं. मागच्याच आठवड्यात."

"तिचाही काढ."

मी तिन्ही कागद समोर ठेवले. "पुन्हा प्रयत्न" या माझ्याच अक्षराकडे तिने थोडा वेळ बघितलं, मग ते शब्द खोडले आणि खाली सही केली. तीन वेळा. पेन धरतानाही अंगठा बाजूलाच होता, त्यामुळे सह्या तिच्यासारख्या दिसत नव्हत्या.

"दोघींना फोन करते मी," मी म्हटलं. "तिसरीला काय सांगू?"

तिने पेनला टोपण लावलं. "तिला मी समोर जाऊन सांगते, गाडी तू चालव." खुर्ची मागे सरकवली, ती उठली, गाडीची किल्ली टेबलावर माझ्या बाजूला सरकवली, आणि दार उघडून बाहेर गेली.